टोकियोच्या शेअर बाजारातून कंपन्या का बाहेर पडतात

२० डिसेंबर २०२३ रोजी टोकियो शेअर बाजाराच्या यादीतून तोशिबा या कंपनीचे नाव वगळण्यात आले. दुसऱ्या महायुद्धानंतर मे १९४९ मध्ये हा बाजार पुन्हा सुरू झाला, त्याच महिन्यात तोशिबाचे समभाग तेथे नोंदले गेले होते, आणि त्यानंतर ७४ वर्षे ते तेथे खरेदी-विक्रीसाठी उपलब्ध होते. १८७५ पर्यंत मुळे पोहोचणारी, जगाला लॅपटॉप आणि फ्लॅश मेमरी देणारी, अणुभट्ट्यांपासून घरगुती उपकरणांपर्यंत सर्व काही घडवणारी ही कंपनी बुडालेली नव्हती, तिचे कारखाने चालू होते आणि तिच्या मालाला गिऱ्हाईकही होते. तरीही तिच्या व्यवस्थापनाला आणि अखेरीस तिच्या बहुसंख्य भागधारकांना बाजारात राहण्यापेक्षा बाजार सोडणे अधिक हिताचे वाटले. हे एकट्या तोशिबाचे प्रकरण नाही. २०२४ या एका वर्षात टोकियोच्या बाजारातून ९० हून अधिक कंपन्या बाहेर पडल्या आणि हा आकडा २०१३ मध्ये टोकियो व ओसाका येथील शेअर बाजार एकत्र आल्यापासूनचा सर्वाधिक होता. नोंदणी हे व्यावसायिक प्रतिष्ठेचे शिखर मानणाऱ्या जपानी समाजात हे का घडू लागले, हे समजून घेण्यासाठी आधी नोंदणीचे स्वरूप पाहावे लागते.

कंपनी शेअर बाजारात नोंदली जाते तेव्हा तिला तीन गोष्टी मिळतात: व्याजाशिवाय उभे राहणारे भांडवल, आपल्या किमतीचा रोज ठरणारा अंदाज आणि भागधारकाला हवे तेव्हा समभाग विकून मोकळे होण्याची सोय. त्याच्या बदल्यात तिला ठरावीक कालावधीने हिशेब जाहीर करावे लागतात, लेखापरीक्षकांसमोर आणि भागधारकांच्या सभेसमोर उभे राहावे लागते, किमतीवर परिणाम करू शकेल अशी प्रत्येक घडामोड विनाविलंब सांगावी लागते आणि आपले समभाग कोण विकत घेतो यावर नियंत्रण सोडून द्यावे लागते. नोंदणी रद्द होणे, म्हणजेच डीलिस्टिंग, याचा अर्थ कंपनी संपणे असा नसतो. समभाग कायद्याने अस्तित्वात राहतात, पण त्यांचा खुला बाजार नाहीसा होतो. छोट्या भागधारकाच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे, कारण ज्या कागदाला रोज भाव होता त्याला विचारणारा कोणी उरत नाही.

बाहेर पडण्याचे दोन मार्ग आहेत. पहिल्यात शेअर बाजार स्वतः कंपनीला काढून टाकतो. सेइबू रेल्वेने आपल्या मोठ्या भागधारकांच्या हिश्श्याविषयी दीर्घकाळ खोटी माहिती दिल्याचे उघड झाल्यावर डिसेंबर २००४ मध्ये तिची नोंदणी रद्द झाली. पुढच्याच वर्षी हिशेबातील लबाडीपायी कानेबो ही जुनी कंपनी गेली आणि एप्रिल २००६ मध्ये त्याच प्रकारच्या आरोपांखाली लाइव्हडोअर ही इंटरनेट कंपनी गेली. जपान एअरलाइन्सने जानेवारी २०१० मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला आणि फेब्रुवारीत ती बाजारातून बाहेर पडली. तिचे जुने भागभांडवल पूर्णपणे रद्द करण्यात आले, काझुओ इनामोरी यांच्या नेतृत्वाखाली कंपनी सावरली आणि सप्टेंबर २०१२ मध्ये पुन्हा नोंदली गेली, परंतु त्या यशात जुन्या भागधारकांचा वाटा शून्य होता. सक्तीच्या डीलिस्टिंगमधील हाच मूळ पेच आहे. शिक्षा व्हायला हवी ती लबाडी करणाऱ्या व्यवस्थापकांना, पण तिचा फटका फसवल्या गेलेल्या भागधारकांना बसतो. म्हणूनच ऑलिम्पसमधील दोन दशकांचा लपवलेला तोटा २०११ मध्ये उघडकीला आल्यावर टोकियोच्या बाजाराने बराच विचार करून तिला यादीत ठेवले आणि १ कोटी येन दंडावर प्रकरण मिटवले. हा दंड अपुरा होता अशी टीका झाली आणि ती रास्त होती, परंतु निर्णय भागधारकांच्या बाजूचा होता हेही मान्य करावे लागते.

दुसरा मार्ग स्वेच्छेचा आहे, आणि जपानमधील आजची लाट याच मार्गाची आहे. तोशिबाचा प्रवास या दोन्ही मार्गांच्या मधून झाल्यामुळे तो सविस्तर पाहण्यासारखा आहे.

२०१५ मध्ये एका स्वतंत्र समितीने दाखवून दिले की तोशिबाने अनेक वर्षे १५,००० कोटी येनांहून अधिक नफा फुगवून दाखवला होता आणि वरिष्ठांनी खालच्या अधिकाऱ्यांवर अशक्य उद्दिष्टे लादल्यामुळे हे घडले होते. कंपनीच्या प्रमुखांना राजीनामा द्यावा लागला. त्यातून सावरण्याआधीच दुसरा घाव बसला. तोशिबाने २००६ मध्ये ५.४ अब्ज डॉलर देऊन अमेरिकेतील वेस्टिंगहाउस ही अणुभट्ट्या बांधणारी कंपनी घेतली होती आणि त्या कंपनीने खर्च हाताबाहेर गेल्यामुळे मार्च २०१७ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. परिणामी तोशिबाची देणी तिच्या मालमत्तेपेक्षा अधिक झाली. त्या वेळच्या नियमानुसार ही स्थिती सलग दोन वर्षांच्या अखेरीस कायम राहिली तर नोंदणी रद्द होणार होती. तोशिबाची टोकियो बाजाराच्या पहिल्या श्रेणीतून दुसऱ्या श्रेणीत घसरण तर झालीच होती, आणि मेमरी चिपचा उद्योग २ लाख कोटी येनांना विकण्याचा करार झाला असला तरी विविध देशांच्या स्पर्धा नियामकांची परवानगी मार्च २०१८ पूर्वी मिळेल याची खात्री नव्हती.

यादीतून वगळले जाणे टाळण्यासाठी तोशिबाने २०१७ च्या अखेरीस सुमारे ६०,००० कोटी येनांचे नवे समभाग परदेशी गुंतवणूक निधींना विकले. या एका निर्णयात पुढच्या सहा वर्षांचा संघर्ष दडलेला होता. जपानी कंपनीचा भागधारक पूर्वी बहुधा तिची बँक, तिची विमा कंपनी किंवा तिला माल पुरवणारा उद्योग असे. एकमेकांचे समभाग धरून ठेवण्याच्या या पद्धतीत सभेत प्रश्न विचारण्याची रीत नव्हती. नव्याने आलेले निधी मात्र स्वस्तात घेतलेल्या समभागांची किंमत वाढावी यासाठी प्रत्येक मुद्द्यावर व्यवस्थापनाला जाब विचारू लागले. २०२० च्या वार्षिक सभेत सिंगापूरच्या एफिसिमो या निधीने स्वतःचे उमेदवार संचालक मंडळावर बसवण्याचा प्रयत्न केला, तो फसला, परंतु मतमोजणीबाबत आणि दडपणाबाबत शंका उपस्थित झाल्या. भागधारकांच्या मागणीवरून नेमलेल्या तपासनिसांनी जून २०२१ मध्ये अहवाल दिला की कंपनीने जपानच्या अर्थ, व्यापार व उद्योग मंत्रालयाच्या साथीने परदेशी भागधारकांवर दबाव आणण्याचे प्रयत्न केले होते. त्याच महिन्यातील सभेत भागधारकांनी संचालक मंडळाचे अध्यक्ष ओसामू नागायामा यांना मतदानाने पदावरून दूर केले. जपानच्या उद्योगजगतात अशी घटना जवळपास अकल्पनीय होती.

त्यानंतर तोशिबाचे तीन कंपन्यांत आणि मग दोन कंपन्यांत विभाजन करण्याचा प्रस्ताव आला, तो मार्च २०२२ मध्ये फेटाळला गेला, पुढे एलियट आणि फॅरालॉन या निधींचे प्रतिनिधी संचालक मंडळावर आले, आणि अणुऊर्जा व संरक्षण या क्षेत्रांतील कंपनी परदेशी हाती जाऊ नये अशी सरकारची इच्छा असल्यामुळे शेवटी जपान इंडस्ट्रियल पार्टनर्स या देशी निधीने सुमारे २० जपानी कंपन्यांना बरोबर घेऊन प्रत्येक समभागामागे ४,६२० येन या दराने सुमारे २ लाख कोटी येनांची खरेदी केली. ७८ टक्क्यांहून अधिक समभाग या प्रस्तावाला मिळाले. या खरेदीचा मोठा भाग बँकांच्या कर्जातून उभा राहिला आणि मे २०२४ मध्ये तोशिबाने जपानमधील ४,००० पर्यंत नोकऱ्या कमी करण्याची योजना जाहीर केली. बाजाराच्या नजरेपासून दूर गेल्याने निर्णय सोपे होतात हे खरे आहे, पण ते निर्णय कामगारांसाठी सुखाचेच असतील असे नाही.

तोशिबाच्या प्रकरणात बाहेर पडण्याचे कारण भागधारकांशी झालेला संघर्ष होते. इतर कंपन्यांच्या बाबतीत बाजाराने वाढवलेल्या अपेक्षा हे मोठे कारण ठरले. एप्रिल २०२२ मध्ये टोकियो बाजाराने आपल्या जुन्या श्रेणी मोडून प्राइम, स्टँडर्ड आणि ग्रोथ अशा तीन नव्या श्रेणी केल्या. प्राइममध्ये राहण्यासाठी किमान ३५ टक्के समभाग खऱ्या अर्थाने विक्रीसाठी मोकळे असावेत आणि त्यांचे मूल्य किमान १,००० कोटी येन असावे अशी अट घातली. मार्च २०२३ मध्ये बाजाराने कंपन्यांना भांडवलाचा खर्च आणि समभागाची किंमत यांचा विचार करून कारभार करण्याची विनंती केली आणि विशेष रोख होता पुस्तकी मूल्यापेक्षा कमी भावाने विकल्या जाणाऱ्या कंपन्यांवर. पुस्तकी मूल्य म्हणजे मालमत्तेतून देणी वजा केल्यावर प्रत्येक समभागाच्या वाट्याला येणारी रक्कम. भाव त्याहून खाली असणे याचा अर्थ बाजाराच्या मते ही कंपनी आज बंद करून मालमत्ता वाटून टाकली तर भागधारकाला जास्त मिळेल असा होतो. जपानमध्ये अशा, दशकानुदशके रोकड आणि जमीन साठवून ठेवणाऱ्या कंपन्या थोड्याथोडक्या नव्हत्या. जानेवारी २०२४ पासून या विनंतीला प्रतिसाद देणाऱ्या कंपन्यांची यादी बाजार स्वतः प्रसिद्ध करू लागला, त्यामुळे गप्प बसलेल्या कंपन्यांची नावे आपोआप उघडी पडू लागली. अशा परिस्थितीत एखाद्या संस्थापक कुटुंबाला, ज्याला भांडवलाची गरज नाही आणि ज्याला प्रश्नकर्ते नको आहेत, नोंदणी टिकवण्याचा खर्च निरर्थक वाटू लागणे स्वाभाविक आहे. त्यातच व्याजदर दीर्घकाळ जवळपास शून्य असल्याने बँका कर्ज द्यायला उत्सुक होत्या.

यातून जो प्रकार वाढला तो म्हणजे व्यवस्थापनानेच स्वतःची कंपनी विकत घेणे. २००५ मध्ये कोबेची वर्ल्ड ही कपड्यांची कंपनी अशा रीतीने बाहेर पडली आणि १३ वर्षांनी, २०१८ मध्ये, पुन्हा बाजारात आली, म्हणजे बाहेर पडणे कायमचेच असते असे नाही. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये एकाच महिन्यात दोन मोठी नावे आली. ओकायामाची बेनेसे, जी लाखो जपानी मुलांना टपालाने अभ्यासक्रम पुरवते, तिचे संस्थापक फुकुताके कुटुंब स्वीडनच्या ईक्यूटी या निधीबरोबर खरेदीला उभे राहिले. मुलांची संख्या घटत असताना व्यवसाय मुळापासून बदलायचा तर काही वर्षे नफा कमी होणार आणि ते बाजाराला सहन होणार नाही, हा त्यामागचा विचार होता. लिपोव्हितान हे शक्तिवर्धक पेय बनवणाऱ्या ताइशो फार्मास्युटिकलचा उएहारा कुटुंबाने सुमारे ७१,००० कोटी येनांना केलेला व्यवहार तर त्या वेळेपर्यंतचा जपानमधील या प्रकारातील सर्वांत मोठा ठरला.

ताइशोच्या किमतीकडे बारकाईने पाहायला हवे. ८,६२० येन हा देऊ केलेला दर बाजारभावापेक्षा निम्म्याहून अधिक चढा होता, त्यामुळे पहिल्या नजरेत तो उदार वाटतो, पण तो कंपनीच्या पुस्तकी मूल्यापेक्षा कमी होता. ज्या कंपन्यांनी भाव पुस्तकी मूल्याच्या वर नेण्यासाठी प्रयत्न करावेत असे बाजार सांगत होता, त्यांपैकी एकीच्या मालकांनी त्याच खालच्या भावाचा आधार घेऊन इतरांचे समभाग विकत घेतले, आणि पुढे त्या मालमत्तेचे मूल्य वाढले तर ते सर्व त्यांच्याच पदरी पडणार होते. व्यवहार कायदेशीर होता. तरीही येथे विकत घेणारा आणि कंपनीची खरी स्थिती आतून जाणणारा एकच असतो, विकणाऱ्याला मात्र प्रसिद्ध झालेल्या कागदांवरच विसंबावे लागते, आणि ज्या व्यवस्थापनाचे कर्तव्य भागधारकाला जास्तीत जास्त किंमत मिळवून देण्याचे आहे त्याचाच फायदा किंमत कमी राहण्यात असतो. या हितसंबंधांच्या टकरीवर कोणतीही समिती पूर्ण उतारा ठरू शकत नाही.

मूळ कंपनी आणि तिची उपकंपनी, दोन्ही बाजारात नोंदलेल्या असणे हे जपानचे आणखी एक वैशिष्ट्य. अशा उपकंपनीत निम्म्याहून अधिक मते एकाच मालकाची असतात, त्यामुळे बाकीच्या भागधारकांच्या आवाजाला वजन नसते आणि गुंतवणूकदार या रचनेवर सतत टीका करतात. हिताचीकडे २००९ मध्ये अशा २२ नोंदणीकृत उपकंपन्या होत्या. काही पूर्णपणे सामावून घेऊन, काही विकून, तिने ती संख्या शून्यावर आणली. एनटीटीने २०२० मध्ये सुमारे सव्वाचार लाख कोटी येन खर्चून मोबाइल सेवा देणारी डोकोमो पूर्णपणे आपल्या ताब्यात घेतली. २०२५ च्या जूनमध्ये टोयोटा समूहाने टोयोटा इंडस्ट्रीज ही कंपनी खाजगी करण्याची घोषणा केली. साकिची टोयोडा यांच्या स्वयंचलित मागासाठी १९२६ मध्ये स्थापन झालेल्या याच कंपनीच्या मोटार विभागातून टोयोटा मोटार जन्मली होती. प्रति समभाग १६,३०० येन हा देऊ केलेला दर त्या दिवशीच्या बाजारभावापेक्षाही कमी निघाला, परदेशी गुंतवणूकदारांनी उघड विरोध केला आणि पुढे दर वाढवावा लागला.

जपानी कायद्यात ही खरेदी साधारण दोन टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात खरेदीदार ठरावीक दराने आणि ठरावीक मुदतीत सर्व भागधारकांना जाहीर देकार देतो. त्यातून पुरेसे समभाग मिळाले की दुसऱ्या टप्प्यात विशेष सभा बोलावून समभागांचे एकत्रीकरण केले जाते, म्हणजे लक्षावधी जुन्या समभागांचा एक नवा समभाग केला जातो, जेणेकरून छोट्या भागधारकाच्या वाट्याला एक पूर्ण समभागही येऊ नये आणि त्याच्या अपूर्णांकाचे पैसे देऊन त्याला मोकळे करता यावे. यासाठी सभेत दोन-तृतीयांश मते पुरतात. खरेदीदाराकडे ९० टक्के मते आली असतील तर सभेचीही गरज उरत नाही. ज्याला विकायचेच नव्हते त्याचेही समभाग अशा रीतीने जातात, आणि त्याच्या हाती एकच हक्क उरतो: न्यायालयाकडे योग्य किंमत ठरवून मागण्याचा.

या हक्काचा खरा अर्थ फॅमिलीमार्टच्या प्रकरणात दिसला. या दुकानसाखळीतील निम्म्याहून अधिक हिस्सा असलेल्या इतोचू या व्यापारी कंपनीने २०२० मध्ये उरलेले समभाग २,३०० येन दराने घेण्याचा देकार दिला. फॅमिलीमार्टच्या संचालक मंडळाने व्यवहाराला पाठिंबा दिला, पण या दराने समभाग विकावेत अशी शिफारस मात्र केली नाही, तो निर्णय भागधारकांवर सोडला. काही गुंतवणूकदार न्यायालयात गेले आणि मार्च २०२३ मध्ये टोकियो जिल्हा न्यायालयाने योग्य किंमत २,६०० येन ठरवली.

भारतातील रचना याहून वेगळी आहे आणि मराठी वाचकाला ती ठाऊक असणे उपयोगाचे आहे. सेबीच्या नियमांनुसार स्वेच्छेने नोंदणी रद्द करायची असेल तर साधारणपणे प्रवर्तकाचा हिस्सा ९० टक्क्यांपर्यंत पोहोचावा लागतो, आणि उलट्या बोलीच्या पद्धतीत किंमत प्रवर्तक सांगत नाही, भागधारक सांगतात. म्हणूनच २०२० मध्ये वेदांताचा प्रयत्न पुरेसे समभाग न मिळाल्याने फसला. प्रवर्तक या पद्धतीला त्रासदायक मानतात आणि २०२४ मध्ये सेबीने ठरावीक किमतीचा पर्यायही खुला केला. तरीही छोट्या भागधारकाला नकार देण्याची जी ताकद मुंबईच्या बाजारात आहे, ती टोकियोत नाही, हे या तुलनेत ठळकपणे दिसते. जपानमध्ये ही उणीव नियमांपेक्षा मार्गदर्शक तत्त्वांनी भरून काढण्याचा प्रयत्न झाला: अर्थ, व्यापार व उद्योग मंत्रालयाने २००७ मध्ये आणि नंतर २०१९ मध्ये अशी तत्त्वे प्रसिद्ध केली, आणि २०२५ मध्ये टोकियो बाजाराने अशा व्यवहारांत स्वतंत्र समितीने सामान्य भागधारकांच्या दृष्टीने व्यवहार न्याय्य आहे असे मत द्यावे, हे बंधन नियमातच घातले. पूर्वी व्यवहार अल्पसंख्य भागधारकांना तोट्याचा नाही एवढेच मत पुरत असे.

बाजार सोडण्याची कारणे अनेकदा खरी आणि समंजस असतात. लहान होत जाणाऱ्या देशात व्यवसाय बदलायला वेळ लागतो, वारसाला कंपनी सोपवायची असते, उपकंपनीची दुहेरी मालकी गोंधळ वाढवते, आणि नोंदणीकृत कंपन्यांची संख्या कमी झाल्याने देशाचे नुकसान होते असेही नाही. टोकियो बाजारात निर्जीवपणे पडून राहिलेल्या कंपन्यांपेक्षा थोड्या पण जिवंत कंपन्या असणे हितकारकच आहे. प्रश्न आहे तो बाहेर पडताना मागे राहिलेल्यांना काय दिले जाते याचा. म्हणून ज्या भागधारकाच्या हाती असा देकार येईल, मग तो टोकियोतला असो वा ठाण्यातला, त्याने आजच्या भावावर किती टक्के जास्त मिळते एवढे पाहून सही करू नये. कंपनीचे पुस्तकी मूल्य किती, स्वतंत्र समितीने नेमलेल्या मूल्यांकनकाराने किमतीचा पट्टा कोणता दिला, संचालक मंडळ समभाग विकण्याची शिफारस करते की नुसताच व्यवहाराला पाठिंबा देते, हे तीन मुद्दे कागदांत शोधून वाचावेत आणि आक्षेप नोंदवण्याची मुदत कोणती आहे ती तारीख टिपून ठेवावी, कारण समभागांच्या एकत्रीकरणाच्या व्यवहारात जपानच्या न्यायालयात दाद मागायची तर सभेपूर्वी विरोध कळवावा लागतो आणि सभेत विरोधात मत द्यावे लागते.